काढायचं

आई गेल्यावर घर फार शांत झालंय, अशी बाबांची तक्रार होती. म्हणून दादाने घर शांत करून देणाऱ्या एका बाईंना बोलावलं.

तो लांबच्या शहरात राहतो आणि लांबून त्याला सगळं स्वच्छ दिसतं. त्या उन्हाळ्यात तो आणि वहिनी चार दिवस एका रिसॉर्टमध्ये राहून आले होते. परत आल्यावर वहिनी फोनवर म्हणाली, "काय सांगू तुला, तिथे सकाळी डोळे उघडले ना, की कशाचीच आठवण येत नाही. बाबांना रोज असं उठता आलं तर?"

"रोज? मग चेक-आउट कधी करायचं त्यांनी?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

फोन दादाने घेतला. त्याने मुद्दा स्पष्ट केला. घर एकदा व्यवस्थित, निवांत, नैसर्गिक करून घेतलं की बाबा तिथे रमतील. नाही रमले तर ते त्याच्याकडे जातील, आणि घर तयारच असेल. कशासाठी तयार, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात संभाषणं नेहमीच योग्य जागी थांबतात.

"ठीक आहे," मी म्हणाले. "पण ओट्याला हात लावायचा नाही."

"कुठल्या ओट्याला?"

"घरात किती ओटे आहेत, दादा?"

आई माझ्या खांद्याला लागायची. हे घर घेतलं तेव्हा गवंडी स्वयंपाकघराचा ओटा सगळीकडे घालतात त्या उंचीवर घालत होता. आईने तिथे उभी राहून दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि म्हणाली, "तुमचं झकास चालेल. मी मात्र कांदा हनुवटीवर चिरायचा का?" ओटा खाली आला. काळ्या दगडाची एक अखंड लादी, आईच्या कोपरांच्या हिशोबाने बसवलेली. जगात एवढी एकच जागा होती जी तिच्या मापाची होती. बाकी सगळीकडे ती टाचा उंच करून जगली. आम्ही तिघे उंच. आम्ही वाकून भांडी घासली. बाबा निवृत्त झाल्यावर दोन्ही वेळची भांडी त्यांनी मागून घेतली आणि पुढची सगळी वर्षं ते त्या ओट्याशी जवळजवळ काटकोनात उभे राहिले.

मला बाकी काही नको होतं. भिंतींना वाळूचा रंग द्या, छताला वेलींनी लपेटा, दारात कारंजं उडवा. ओटा तेवढा त्याच्या उंचीवर राहू द्या.

"बाबांनाच विचारू," दादा म्हणाला. "राहायचं त्यांना आहे. ते म्हणतील तसं."

मी योग्य जागी थांबले.

डिझाइनरबाई आल्या त्या ओल्या वाळूच्या रंगाचे कपडे घालून. बैठकीच्या खोलीत मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "हे घर खूप बोलतंय."

"फ्रिज आहे तो," बाबा म्हणाले. "जुना झालाय. मध्येच एक लाथ घातली की गप्प बसतो."

बाई हसल्या. ग्राहकाच्या वडिलांकडे पाहून हसावं तेवढंच. मग त्यांनी नमुन्यांची पेटी उघडली. लाकूड, दगड, वेत, बांबू, नारळाच्या दोरीसारखं काहीतरी. "आपण सगळं नैसर्गिक ठेवणार आहोत. नो प्लास्टिक व्हाइब्स."

मी दगडाचा तुकडा उचलला. तो पावाच्या तुकड्याइतका हलका होता.

"हा दगड आहे?"

"दगडाचा फील आहे, ताई."

"आणि हे लाकूड?"

"लाकडाचा फील. खऱ्या लाकडाला मेंटेनन्स फार. ते फुगतं, आक्रसतं, हवेप्रमाणे बदलतं. शांततेत तेवढा बदल परवडत नाही."

बाबा आईच्या कपाटाला टेकून उभे होते. ते सागवानी कपाट पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात पुन्हा मिटायचं. आईच्या मते त्याला स्वभाव होता. बाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "हे खूप हेवी आहे." बाबा म्हणाले, "हो ना, चौघांनी मिळून वर आणलं होतं." दोघांनाही आपलं म्हणणं समोरच्याला पटल्यासारखं वाटलं.

निघताना बाईंनी बाबांच्या हातात चिकटपट्ट्यांची दोन रिळं दिली. हिरव्यावर छापलं होतं 'ठेवायचं'. नारिंगीवर 'काढायचं'.

"घाई नाही, काका. प्रत्येक वस्तूसमोर उभं राहा. श्वास घ्या. तिला विचारा."

"कोणाला?"

"वस्तूला."

बाबांनी गंभीरपणे मान हलवली. ते कोणाचंही मन मोडत नाहीत. फक्त ऐकत नाहीत.

पुढचा आठवडाभर बाबा चिकटपट्ट्या लावत होते. मी गेले तेव्हा काम संपलं होतं आणि ते आंघोळीला गेले होते. मी खोल्यांतून एकटीच फिरले.

आईच्या कपाटावर नारिंगी. तिच्या खुर्चीवर नारिंगी. तिचा रेडिओ, तिचा आरसा, चांगल्या कपबशांची मांडणी, पुस्तकांचं शेल्फ: काढायचं, काढायचं, काढायचं. ओट्यावर पट्टी अगदी मधोमध होती, जिथे ती कांदा चिरायची तिथे, आणि हवा राहू नये म्हणून अंगठ्याने नीट दाबून बसवलेली.

हिरवं काय होतं, तेही सांगते. दादाने ऐन तरुणपणी वजन कमी करायला घेतलेली आणि त्याच आठवड्यात सोडलेली जागच्या जागी फिरवायची सायकल. प्लास्टिकचं चपलांचं रॅक. एक पाय जरासा आखूड असलेलं इस्त्रीचं टेबल. बंद पडलेल्या मिक्सरचं खोकं, मिक्सरशिवाय. ठेवायचं.

दादाला फोटो काढून पाठवले. त्याचा लगेच फोन आला.

"बघ! मी म्हणत होतो ना, बाबा सावरतायत. आईच्या वस्तूंतून स्वतःहून बाहेर पडतायत."

"सायकल ठेवलीय त्यांनी."

"म्हणजे व्यायामाची इच्छा झालीय. अगं, किती चांगलं लक्षण आहे!"

मागून वहिनी म्हणाली, "किती पॉझिटिव्ह!"

"आणि ओटा," दादा म्हणाला, जरा हळू आवाजात, "बाबांनीच लावलंय ना? मग आपण कोण?"

मी बाबांना काही विचारलं नाही. ज्याची बायको त्याने ठरवावं, असं एक वाक्य मी बनवलं आणि पुढचे कितीतरी दिवस तेच वापरलं. वाक्य चांगलं होतं. मजबूत, हलकं, निर्णयाचा फील असलेलं.

काम सुरू झालं तसे बाबा माझ्याकडे राहायला आले. पाहुण्यासारखे राहिले. चहाचा कप विसळून पालथा घालायचे, मग त्याच्याजवळ उभे राहायचे, जणू पुढचं काम कोणी सांगेल. एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले, "कपाट नीट काढलं असेल ना गं?"

"काढलं असेल."

"दरवाजे आधी उतरवायला हवेत. नाहीतर कोपरा लागतो."

भिंतीला ओरखडा पडेल याची त्यांना काळजी, असं मी समजले. माणूस बायकोचं कपाट काढून टाकतो आणि नव्या भिंतीचा रंग जपतो. मनात मी एक-दोन वाक्यं आणखी बनवली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "चल, एकदा बघून येऊ."

दार उघडंच होतं. आत पांढरी धूळ, सिमेंटच्या गोण्या, पोपडे काढलेल्या भिंती. ठेकेदार एका उलट्या बादलीवर बसून मोबाइल बघत होता. बाबांना पाहून उठला.

"या काका, या! कसं वाटतंय? मोकळं मोकळं झालं ना?"

बाबा उघड्या खोल्यांतून हिंडून आले.

"कपाट कुठे ठेवलंत?"

"कोणतं?"

"मोठं. सागवानी. त्यावर काढायचं लावलं होतं ना मी."

"हां, ते! ते काढलं की."

"ते दिसतंय. पण काढून कुठे ठेवलंत?"

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी आम्हा दोघांनाही एकदमच कळलं, आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं.

"काका, काढून... म्हणजे काढून टाकलं."

"टाकलं?"

"भंगारवाला घेऊन गेला. खुर्ची, आरसा, ते शेल्फ, रेडिओ. कपाट बघून तर खूशच झाला तो. म्हणाला, असं लाकूड आता मिळत नाही."

"टाकायला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच ना काका! काढायचं म्हणजे काढायचंच ना?"

बाबा धुळीत उभे राहिले. मला आमच्या घरातलं सगळं बोलणं ऐकू यायला लागलं. पाहुणे आले, चांगले कप काढ. थंडी पडली, रजया काढा. लग्नाला जायचंय, माझी निळी साडी काढून ठेव. आमच्याकडे काढायच्या त्या नेहमी चांगल्याच वस्तू. फोटो काढायचे, आठवण काढायची. टाकायचं असेल तर आई तसं वेगळं सांगायची: काढून टाक. आणि त्यातलं अर्धं बाबा टाकायचे नाहीत. घरात हातोडे चालणार, धूळ उडणार म्हटल्यावर या माणसाने एकेका वस्तूसमोर उभं राहून जे जे जपायचं त्यावर 'काढायचं' लावलं होतं, आणि जे फुटलं तरी चालेल ते जागच्या जागी ठेवायला सांगितलं होतं.

"सायकल?" बाबांनी विचारलं.

"सायकल एकदम सेफ!" ठेकेदाराला हायसं वाटलं. त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं. फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वरून गोधडी घातलेली, चारी बाजूंनी दोरीने बांधलेली दादाची सायकल खोलीच्या मधोमध उभी होती. कोणीतरी खडूने समोर जमिनीवर लिहिलं होतं: सावकाश. शेजारी मिक्सरचं रिकामं खोकं, तेही गुंडाळलेलं.

"तुमच्या हिरव्या पट्टीच्या वस्तूंना एक ओरखडा नाही, काका. शब्द आहे आपला."

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून हातोड्याचा घाव ऐकू आला. पाठोपाठ दुसरा.

मी धावले नाही, असं मला सांगायला आवडेल. एक माणूस छिन्नी लावून ओट्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यावर घाव घालत होता. दगडाचा मुठीएवढा तुकडा खाली पडला होता. नारिंगी पट्टी अजून जागेवर होती. थांबा वगैरे म्हणण्याऐवजी मी ओट्यावर चढून बसले. एवढ्या खालच्या ओट्यावर बसायला काहीच कष्ट पडत नाहीत. माझे पाय जमिनीला टेकले होते.

आई ओट्यावर बसू द्यायची नाही. लहानपणी यावरून मी बरेच धपाटे खाल्ले आहेत. बाबा दारात आले, मला बघितलं आणि म्हणाले, "बस तिथेच. हलू नकोस."

हातोडेवाल्याने ठेकेदाराला विचारलं, "मॅडम किती वेळ बसणार?"

"मला काय माहीत? तू चहा पिऊन ये."

अर्ध्या तासात डिझाइनरबाई आल्या. दादा बाबांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉलने आला, छत बघत, कारण मोबाइल बाबांच्या हातात होता. मी ओट्यावरच होते.

"काका," बाई म्हणाल्या, "झालं ते खरंच वाईट झालं. पण आमच्या पद्धतीत ठेवायचं आणि काढायचं एवढंच असतं. आणि हा ओटा... तुमच्या पाठीसाठी हा पूर्ण चुकीचा आहे. खालचे ड्रॉवर स्टँडर्ड उंचीचे बनून तयार आहेत."

"कोणाच्या उंचीचे?"

"स्टँडर्ड."

"त्या बाई इथे राहणार आहेत का?"

ठेकेदार खोकला. बाईंनी पुन्हा श्वास घेतला, पण या वेळी डोळे मिटले नाहीत.

"बाबा," मोबाइलमधून दादा म्हणाला, "तुम्हीच काढायचं लावलं होतंत ओट्याला."

"काढायचं लावलं होतं. फोडायचं लावलं होतं का? नळाचं काम करताना तडा जाईल म्हणून म्हटलं, अख्खा काढा, काम झालं की होता तसा बसवा. दगड आहे तो. फील नाहीये."

"अहो, पण ओटा असा काढून ठेवतात का कधी?" ठेकेदार म्हणाला.

"कपाट ठेवलं असतंत तर ओटा ठेवायचंही सुचलं असतं."

मग दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज चांगला होता, खरा होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला, "बाबा, आई नाहीये आता. तिच्या उंचीचा ओटा कोणासाठी ठेवायचा?"

बाबांनी मोबाइल नीट धरला. पहिल्यांदाच दादाला छताऐवजी त्यांचा चेहरा दिसला असेल.

"माझ्यासाठी," बाबा म्हणाले. "मी राहणार आहे ना इथे? तूच म्हणालास."

दादा योग्य जागी थांबला. रक्ताचं नातं कुठेतरी दिसतंच.

दुपारी बाबा आणि मी भंगारवाल्याकडे गेलो. कपाटाच्या दरवाजांची कुठल्याशा हॉटेलात टेबलं झाली होती. बाकीचं त्याला आठवत नव्हतं. त्याने आमची समजूत काढायचा प्रयत्न केला, आरसा दाखवला, पण तो दुसऱ्याच कोणाचा तरी होता. बाबांनी त्यात पाहून केस सारखे केले आणि आम्ही परत आलो.

घर आता पूर्ण झालंय. ते फार सुंदर आहे. आलेला प्रत्येक जण दारात आवाज खाली आणतो, दवाखान्यात आणतात तसा. दिवे कुठे आहेत ते दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. कपाटांना कड्या नाहीत, त्यामुळे सकाळी बाबा भिंत दाबत दाबत आपला शर्ट शोधतात. न्हाणीघरात गोटे बसवलेत, त्यावरून ते निखाऱ्यांवरून चालल्यासारखे जातात. टेबलावर एका वाडग्यात गुळगुळीत दगड आहेत, ते खरे आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही. कोपऱ्यातला बांबू खोटा आहे हे बाईंनी दोनदा सांगूनही बाबा त्याला पाणी घालतात. "त्यालाही जरा झाडाचा फील येऊ दे," म्हणतात. फ्रिज नवा आहे आणि बोलत नाही.

सायकलही आहे. बाबांनी तिचं प्लास्टिक सोडू दिलेलं नाही. "पट्टी हिरवी आहे," म्हणतात. पाहुण्यांना वाटतं ते शिल्प असावं.

ओटा होता तिथेच, होता तेवढाच. तुटलेल्या कोपऱ्यात सिमेंट भरलंय. तयार ड्रॉवर त्याखाली मावले नाहीत, म्हणून बाईंनी तिथे वाळूच्या रंगाचा पडदा सोडलाय. त्यांच्या फोटोग्राफरने सगळ्या घराचे फोटो काढले. स्वयंपाकघराचं दार तेवढं ओढून घेतलं.

मागच्या महिन्यात दादा आणि वहिनी राहायला आले. वहिनीने सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. "बाबा, अगदी रिसॉर्ट! तुम्हाला मस्त झोप लागत असेल ना?"

"लागते. सकाळी उठलो की नाश्ता कुठल्या मजल्यावर आहे ते आठवावं लागतं."

दादा हसला नाही. त्याने आल्यापासून ओट्याकडे पाहिलं नव्हतं. जेवणानंतर बाबा भांडी घासायला उठले, तर दादा म्हणाला, "तुम्ही बसा, मी करतो." वहिनीने भुवया उंचावल्या. मी फडकं घेऊन पुसायला उभी राहिले.

आमच्यात सगळ्यात उंच तोच. वाकला, अजून वाकला, शेवटी कोपरं टेकवून घासायला लागला. ताटं झाली, कप झाले, पातेलं झालं. त्याने नळ बंद केला, हात झटकले, कमरेवर ठेवले, आणि सरळ होता होता त्याच्या तोंडून निघालं:

"आई गं!"

त्या घरात तो आवाज फार मोठा वाटला. दादा तसाच थांबला, अर्धा वाकलेला. मी ताट पुसत राहिले. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"माझं रोजचं आहे," बाहेरून बाबा म्हणाले. "दोन्ही वेळा."